स्क्रूला हात सर्वांत शेवटी

जुन्या मारुती 800 ची कुठलीही तक्रार गॅरेजात गेली, की बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालेलं असतं. सिग्नलला बंद पडते? कार्बोरेटर. अ‍ॅव्हरेज कमी झालं? कार्बोरेटर. सकाळी उशिरा चालू होते, चढावर दम खाते, पीयूसीत नापास होते? तेही कार्बोरेटरच. मग एअर फिल्टर बाजूला होतो, स्क्रूड्रायव्हर आत जातो, इंजिनाकडे कान देऊन एक वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे, आणि आवाज जरा एकसारखा झाला की ‘ट्युनिंग’ संपलं. महिन्याभरात तीच तक्रार परत येते आणि तोच स्क्रू परत फिरतो. या प्रकरणाचं म्हणणं असं, की मिक्श्चरचा स्क्रू हा दुरुस्तीचा पहिला उपाय नसून शेवटची पायरी आहे. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे या स्क्रूचा अंमल इंजिनाच्या कामाच्या अगदी छोट्या भागावर चालतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे: तो घाईने फिरवला की खरा दोष बरा होत नाही, तो फक्त झाकला जातो, आणि दोष ओळखण्याच्या खुणाही त्याच्याबरोबर पुसल्या जातात.

आधी कार्बोरेटर काय करतो ते पाहू. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा आणि 1 भाग पेट्रोल लागतं. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो, आणि त्या दाबाच्या फरकामुळे शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून उडून हवेत मिसळतं. 1893 साली बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी या पद्धतीच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं, त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखनेही फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला, आणि पुढची शंभर वर्षं जगभरच्या मोटारी याच तत्त्वावर धावल्या. डिसेंबर 1983 मध्ये भारतीय रस्त्यावर आलेली मारुती 800, तिच्याच इंजिनावर चालणारी ओम्नी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, या सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या. 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, तेव्हा छोट्या गाड्यांत एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आलं. दोहोंतला महत्त्वाचा फरक असा, की इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि तो चूक झाली की कळवतो. कार्बोरेटरला असं कोणीच काही कळवत नाही. गळ्यातून किती हवा गेली एवढंच त्याला ‘समजतं’. ती हवा पुढे नीट पेटली का, वाटेत दुसरीकडून आणखी हवा शिरली का, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून इंजिनात कुठेही बिघाड झाला तरी तो मिश्रणाच्या बिघाडाचं रूप घेऊन समोर येतो, आणि दोष कार्बोरेटरच्या माथी बसतो.

कार्बोरेटर एक असला तरी त्याच्या आत पेट्रोलचे निरनिराळे मार्ग असतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. थंड इंजिन चालू करताना चोक काम करतो. गाडी जागेवर उभी असताना थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. तेव्हा चकतीच्या खाली एक बारीक भोक पेट्रोल सोडतं, आणि मिक्श्चरचा, म्हणजेच आयडलचा, स्क्रू ताबा ठेवतो तो याच भोकावर. पाय थोडा दाबला की चकतीच्या कडेजवळची आणखी एक-दोन भोकं उघडी पडतात. पाय झटकन दाबला की छोटा पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. चकती आणखी उघडली की कारभार मेन जेटकडे जातो आणि तिथून पुढे आयडलच्या स्क्रूला फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे तक्रार कधी येते, हा प्रश्न तक्रार काय आहे यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. फक्त जागेवर उभी असताना थरथरत असेल तर आयडलचा मार्ग किंवा हवेची गळती. पाय दाबताच क्षणभर दबत असेल तर पिचकारीचा पंप. साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर झटके देत असेल तर मेन जेट किंवा वाटीतली पेट्रोलची पातळी. लांब चढावरच दम तुटत असेल तर पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप. हायवेवर अ‍ॅव्हरेज मिळत नाही म्हणून आयडलचा स्क्रू आत घेणं याला काही अर्थच उरत नाही, कारण हायवेवरचं पेट्रोल त्या वाटेने येतच नाही.

आता हवेच्या गळतीचा हिशेब करून पाहू, कारण या एका दोषाने जेवढी दिशाभूल होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. मारुतीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं आणि चार स्ट्रोकचं. मिनिटाला 900 फेऱ्यांवर ते आयडल चालतं असं धरलं आणि मिटलेल्या थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या एक तृतीयांशाहून कमी असतो हे लक्षात घेतलं, तर ते मिनिटाला ढोबळमानाने 100 लिटर हवा ओढतं. तेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर 5,500 फेऱ्यांना पंधराशे लिटरच्या पुढे जातं. मॅनिफोल्डच्या पॅकिंगला किंवा व्हॅक्यूमच्या रबरी पाइपला एक-सव्वा मिलिमीटरची चीर पडली तर आयडलला तिच्यातून मिनिटाला सुमारे 10 लिटर हवा आत शिरते. म्हणजे आयडलच्या हवेत दहा टक्क्यांची भर पडली आणि मिश्रण तेवढं पातळ झालं. पूर्ण थ्रॉटलवर हीच गळती एक टक्कासुद्धा भरत नाही. उलट तिथे व्हॅक्यूम उरत नसल्याने ती आणखी घटते. म्हणून गळती असलेली गाडी रस्त्यावर बरी धावते आणि सिग्नलला मरते, आणि हुबेहूब ‘आयडल बिघडलंय’ असंच वाटतं. मेकॅनिक स्क्रू बाहेर काढून पेट्रोल वाढवतो आणि गाडी उभी राहते. पण चीर ज्या सिलिंडरजवळ आहे तो अजूनही पातळच असतो, आणि बाकीच्या दोघांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळायला लागतं. ही गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन आयडलला ठेवून एकेक रबरी पाइप चिमटीत दाबायचा. एखादा दाबताच इंजिनाची चाल बदलली तर चोर तिथेच आहे. पॅकिंगच्या सांध्यावर ऑइलचे चार थेंब सोडले तरी तेच कळतं. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधायची पद्धत मात्र कितीही रुळलेली असली तरी आगीला आमंत्रण आहे.

दुसरा मोठा संशयित म्हणजे ठिणगी. पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा हळूहळू झिजतो, पॉइंटमधली फट कमी होते, आणि त्याबरोबर ठिणगी उशिरा पडायला लागते. उशिरा पेटलेल्या मिश्रणाची ताकद वाया जाते आणि आयडल उतरतो. हे एका दिवसात घडत नाही, महिनोन्‌महिने चाललेलं असतं, म्हणून मालकाला गाडी ‘म्हातारी’ झाल्यासारखी वाटते. एखादा प्लग किंवा त्याची वायर मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पेट्रोलचा वास आला म्हणजे मिश्रण जाड, असा तर्क करून स्क्रू आत घेतला जातो. मिश्रण पातळ होतं, आणि आधीच अशक्त ठिणगीला ते पेटवणं आणखी अवघड जातं. टॅपेटचंही तसंच. सैल टॅपेट वाजतात, म्हणून त्यांची तक्रार होते. घट्ट झालेले टॅपेट मुळीच आवाज करत नाहीत, पण त्यांच्यामुळे व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि एक सिलिंडर आयडलला जवळपास रजेवर जातो. या तीनपैकी एकही दोष कार्बोरेटरला हात लावून जात नाही.

हे दोष तसेच ठेवून कार्बोरेटर ‘सेट’ केला तर काय होतं, ते थ्रॉटलच्या चकतीपाशी दिसतं. उशिरा पडणाऱ्या ठिणगीमुळे आयडल खाली आला, म्हणून स्पीडचा स्क्रू आवळून चकती किंचित उघडून ठेवली. आता तिच्या कडेजवळची ती पुढची भोकं गाडी उभी असतानाच उघडी पडली आणि पेट्रोल तिथूनही यायला लागलं. अशा गाडीत मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नाही, त्याचा काही फरकच जाणवत नाही. मग ‘स्क्रू खराब झालाय’ किंवा ‘कार्बोरेटर गेलाय’ असा निकाल लागतो. खरं तर स्क्रूने दाद न देणं ही अतिशय मोलाची खूण आहे: चकती गरजेपेक्षा जास्त उघडी आहे, म्हणजे इंजिनाची ताकद दुसरीकडे कुठे तरी गळते आहे. आमटी खारट झाली म्हणून पाणी, पांचट झाली म्हणून तिखट, असं करत गेलं की मुळात काय चुकलं होतं हे शेवटी सांगता येत नाही. एकावर एक केलेल्या ट्युनिंगचं तेच होतं. पहिल्या मेकॅनिकला एक दोष शोधायचा असतो, तर चौथ्याला एक दोष आणि आधीच्या तिघांच्या तडजोडी.

खुणा वाचायला मदत करणारा एक कागद प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला असतो, तो म्हणजे पीयूसीची पावती. बहुतेकजण तिच्यावरचं ‘पास’ एवढंच वाचतात. 2000 पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची 1,500 पीपीएम. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो पेट्रोल अर्धवट जळाल्यामुळे, म्हणजे हवा कमी पडल्यामुळे. हायड्रोकार्बन म्हणजे मुळात न पेटलेलं पेट्रोल. मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचे असतील तर मिश्रण खरंच जाड आहे. चोक अर्धवट अडकलाय का, वाटीतली पातळी चढलीय का, ते पाहावं. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाठ असतील तर कुठला तरी सिलिंडर मिस मारतोय. त्याचं कारण प्लग, टॅपेट किंवा गळती, आणि स्क्रू आत घेतल्याने ते वाढेलच. दोन्ही आकडे जास्त असतील तर बहुधा आधीच्या दोषावर कोणी तरी पेट्रोल वाढवून पांघरूण घातलेलं आहे. इतक्या जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावं लागतंच, तेव्हा पावत्या फेकून न देता ओळीने ठेवल्या, तर दोष कधी सुरू झाला हेसुद्धा त्यांतून वाचता येतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो अनुभवाचा. गॅरेजातले जाणते मिस्त्री वीस-वीस वर्षं कानाने ट्युनिंग करतात आणि गाड्या चालतात, मग एवढ्या क्रमाचं अवडंबर कशाला? कानाची किंमत कमी नाही. फेऱ्यांमधला बारीक चढउतार तयार कान लगेच टिपतो. पण कान परिणाम ऐकतो, त्याला कारण ऐकू येत नाही. गळतीमुळे मिस मारणारं आणि प्लगमुळे मिस मारणारं इंजिन आयडलला जवळजवळ सारखंच वाजतं. शिवाय खरोखर जाणता मिस्त्री कामाला लागला की तो काय करतो ते पाहावं: आधी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरतो, एकेका प्लगची वायर तपासून कुठला सिलिंडर कमी पडतोय ते पाहतो, प्लग काढून त्याचा रंग बघतो, पाइप चाचपतो. स्क्रूपाशी तो पोचतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. नवशिका त्याचं शेवटचं पाऊल तेवढं पाहतो आणि तेच पहिलं समजतो.

दुसरा आक्षेप मालकांचा असतो: स्क्रू आत घेतला की पेट्रोल वाचतं, हे उघडच नाही का? थोडं पातळ मिश्रण काटकसरीचं असतं हे खरं आहे. साधारण साडेपंधरा-सोळाच्या प्रमाणापर्यंत. त्यापुढे ज्योत रेंगाळते, मिस मारायला सुरुवात होते, आणि मिस मारलेला प्रत्येक घोट न जळता बाहेर जातो. गाडी दबते म्हणून चालक पाय जास्त दाबतो, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो, आणि वाचवलेलं पेट्रोल व्याजासह जातं. त्यातून आयडलचा स्क्रू चालत्या गाडीच्या मिश्रणाला हातच घालत नाही, हे आपण वर पाहिलं. अ‍ॅव्हरेजसाठी टायरमधली हवा, अडकणारे ब्रेक, टायमिंग आणि पूर्ण न उघडणारा चोक यांनी जेवढा फरक पडतो, त्याच्या पासंगालाही स्क्रू पुरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कधी कधी दोष कार्बोरेटरचाच असतो. नक्कीच असतो. गाडी काही महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. तो आयडलचा बारीक जेट सर्वांत आधी बुजवतो. फ्लोटची नीडल झिजली की पेट्रोल वाटीतून वर चढतं आणि सगळ्याच वेगांना मिश्रण जाड होतं. थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात ढिला झाला की तिथूनच हवा शिरते. पण यातला प्रत्येक दोष ठोस आहे, त्याची स्वतंत्र खूण आहे आणि त्यावरचा इलाज स्क्रू फिरवणं हा नाही. पिचकारीचा पंप तपासायचा तर इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून गळ्यात पाहावं आणि हाताने थ्रॉटल उघडावं: पेट्रोलची बारीक, सरळ धार त्याच क्षणी पडली पाहिजे. ती उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर पंपाचा पडदा गेला आहे. फ्लोट काढून कानाशी हलवला आणि आत डचमळलं, तर तो फुटलेला आहे. जेट साफ करताना तार घालू नये. ते पितळेचे असतात, आणि अनेक कार्बोरेटरांत जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. 100 नंबरच्या जेटमध्ये तार फिरवून व्यास फक्त 0.05 मिलिमीटरने वाढला तरी क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं आणि पेट्रोलही जवळपास तेवढंच. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढंच पुरतं. नवा कार्बोरेटर बसवणं हाही उपाय म्हणून सुचवला जातो, पण वाकलेल्या फ्लँजवर आणि फाटलेल्या पॅकिंगवर नवा कार्बोरेटरसुद्धा जुन्यासारखाच वागतो.

एवढं झालं की ट्युनिंग स्वतः पंधरा-वीस मिनिटांचं काम उरतं. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, दिवे बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला. स्पीडच्या स्क्रूने आयडल पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणावा. मग मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू, प्रत्येक पाव वेढ्यानंतर थोडं थांबून, इंजिन सर्वांत जास्त फेऱ्यांवर आणि एकसारखं चालेपर्यंत फिरवावा. तिथून फेऱ्या जेमतेम उतरायला लागतील एवढाच आत घ्यावा, आणि स्पीड परत जुळवावा. मोटारीच्या बहुतेक कार्बोरेटरांत हा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण जाड होतं. कित्येक दुचाकींत नेमकं उलट असतं, आणि दोन्ही कामं करणाऱ्या हाताची इथे गफलत होते. साफसफाईसाठी स्क्रू काढायचा असेल तर आधी तो हलकेच टेकेपर्यंत किती वेढे जातो ते मोजून लिहून ठेवावं. जोर लावून आवळला तर त्याच्या निमुळत्या टोकावर कडं उमटतं, आणि मग बारीक सेटिंग कधीच जमत नाही. निरोगी इंजिनात हा स्क्रू लगेच दाद देतो, आणि ती दाद हीच आधीची कामं नीट झाल्याची पावती असते.

शेवटी, पुस्तकातला आकडा पाळला की झालं, हा समजही आता पुरा पडत नाही. कार्बोरेटर हवा आकारमानाने मोजतो, वजनाने नाही. महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, हवा जवळपास बारा टक्क्यांनी विरळ असते आणि मुंबईत जुळवलेलं मिश्रण तिथे सहा-सात टक्क्यांनी जाड होतं. त्याहून मोठा बदल पंपावर झाला आहे. आता सर्रास मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला जळायला वजनाने फक्त नऊ पट हवा लागते. म्हणून ई20 चं योग्य प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या जेटवर चालणारी गाडी त्यामुळे सुमारे आठ टक्क्यांनी पातळ चालते, तीही प्रत्येक वेगाला. आयडलचा स्क्रू यातला फक्त उभ्या गाडीचा भाग सांभाळू शकतो. बाकीच्यासाठी एक-दोन नंबर मोठा मेन जेट लावावा लागू शकतो, तोही प्लगचा रंग आणि पीयूसीचे आकडे पाहून. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पाइप, पंपाचा पडदा आणि पॅकिंग अधिक वेळा तपासावं लागतं. जुन्या गाडीचं मॅन्युअल लिहिणाऱ्यांसमोर हे इंधन नव्हतं. स्क्रू किती वेढे बाहेर ठेवायचा हे पाठ केलेल्या मेकॅनिकला त्यामुळे यापुढे त्या आकड्याची फारशी मदत होणार नाही. कुठला दोष कुठल्या वेळी दिसतो आणि का, हे ज्याला समजलं आहे त्याला ती गाडी ई20 वरही चालवता येईल. गाडी गॅरेजातून परत घेताना म्हणून मालकाने विचारायचा प्रश्न ‘ट्युनिंग केलं का?’ हा नाही. ‘स्क्रूच्या आधी काय काय तपासलं?’ हे विचारावं, आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे द्यावेत.